वऱ्हाडच्या कापसाचीं साधनें व त्यांचें वाचन : उंद्रीच्या बाजूनें एक परीक्षण

वऱ्हाडच्या कापसाविषयीं इंग्रजींत आजवर झालेलें लिखाण थोडें नाहीं. कापूसखात्याचे १८६७ च्या सुमारापासूनचे अहवाल, सर आल्फ्रेड लायल यांचें १८७० चें गॅझेटियर आणि नेल्सन यांनीं संपादिलेलें १९१० चें बुलढाणा जिल्ह्याचें गॅझेटियर हीं जुनीं साधनें होत. लक्ष्मण सत्य यांचा वऱ्हाडांतील कापूस व दुष्काळ यांवरील ग्रंथ (१९९७) व स्वेन बेकर्ट यांचा कापसाच्या जागतिक साम्राज्याचा इतिहास (२०१४) हे अलीकडचे प्रबंध होत. हें सर्व वाचून उठणाऱ्या साधारण वाचकाच्या मनांत एक चित्र पक्कें होऊन बसतें. इंग्रजांनीं वऱ्हाड घेतलें, आगगाडी आणली, येथला कापूस मँचेस्टरास नेला आणि मँचेस्टरचें कापड येथें आणून विकलें, असें तें चित्र आहे. त्याची पहिली रेघ बरोबर आहे व शेवटचीही पुष्कळ अंशीं बरोबर आहे. मधली रेघ मात्र, म्हणजे वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरास गेला ही, फार थोड्या वर्षांपुरती खरी आहे. ही समजूत साधनांच्या कोणत्या वाचनानें शिरली, आणि ती तपासून पाहण्यास लागणारे कागद कोणत्या जातीचे आहेत, याचा विचार येथें करावयाचा आहे.

विचार हवेंत राहूं नये म्हणून आम्हीं उंद्री हें एक गांव डोळ्यांपुढें ठेविलें आहे. हें गांव बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यांत, चिखलीहून अमडापुरावरून खामगांवास जाणाऱ्या वाटेवर आहे. अलीकडे त्यास उदयनगर असेंही म्हणतात. चिखली तालुका बालाघाटाचा, अजिंठ्याच्या रांगेच्या माथ्यावरचा. खामगांव पयनघाटाचें, पूर्णेच्या काळ्या सपाटीकडचें. म्हणजे उंद्रीचा माल घाट उतरल्यावांचून पेठेचें तोंड पाहत नसे. आगगाडी घाटाखालून गेली, ती वर चढलीच नाहीं. खामगांवाहून जालन्यास लोहमार्ग न्यावा ही मागणी शंभर वर्षांहून जुनी झाली आहे, यावरून काय तें समजावें. असें गांव छापील साधनांत जवळजवळ दिसत नाहीं, आणि आमच्या मतें तेंच त्याचें मोल आहे. छापील साधनें जेथें संपतात तेथें उंद्रीचा कापूस बैलगाडींत चढतो.

आणखी एक गोष्ट आरंभींच सांगून टाकूं, कारण ती न कळल्यानें आंकड्यांची फार ओढाताण झाली आहे. खामगांव तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यांत होता. त्या सालीं तो व जळगांव तालुका बुलढाणा जिल्ह्यास जोडले गेले. तेव्हां १९०५ पूर्वीं उंद्रीच्या सारावसुलीचे आंकडे एका जिल्ह्याच्या दप्तरांत, तर उंद्रीचा कापूस जेथें विकला जाई त्या पेठेचे आंकडे दुसऱ्या जिल्ह्याच्या दप्तरांत पडले. लायल यांचा बुलढाणा आणि नेल्सन यांचा बुलढाणा हे दोन निराळे प्रदेश आहेत. लायल यांच्या वेळचा जिल्हा मुख्यतः डोंगरावरचा, एक मलकापूर तालुका काय तो सपाटीचा. नेल्सन यांच्या वेळीं सपाटीचे तीन तालुके झाले, तेही कापसाचे. हे दोन ग्रंथ शेजारीं ठेवून जो 'बुलढाण्याची कापूस-लागवड' मोजूं पाहील त्याच्या हातीं जी वाढ येईल तिच्यांतील मोठा भाग शेतांत झालेला नसून नकाशावर झालेला असेल.

आतां जुन्या काळाकडे वळूं. गॅझेटियरांतून एक नोंद पुनःपुन्हां छापली गेली आहे. ती अशी कीं, वऱ्हाडांतून मुंबईस मोठ्या प्रमाणावर कापूस प्रथम गेला तो १८२५-२६ सालीं, हैदराबादच्या विकाजी व पेस्तनजी या पारशी पेढीनें पाठविलेला. माल १,२०,००० पौंड, बैल ५००, किंमत २५,००० रुपये. हे तेच पेस्तनजी, ज्यांच्या नांवाचा पेस्तनशाही रुपया औरंगाबादच्या टांकसाळींतून निघाला व नाणीं जमविणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या संग्रहीं असेल. नोंद लहान आहे, पण पिळून पाहिली तर बरेंच सांगते. दर बैलामागें २४० पौंड, म्हणजे सुमारें तीन बंगाली मण ओझें पडतें. बैलाच्या लदणीस हें साजेसें आहे, म्हणून आंकडा विश्वसनीय दिसतो. पौंडास ३ आणे ४ पै पडतात. मुंबईची ७८४ पौंडांची खंडी धरल्यास १५३ खंड्या माल व खंडीस सुमारें १६३ रुपये भाव येतो. हा भाव शेतकऱ्याच्या खळ्यावरचा असणें शक्य नाहीं. तो मुंबईच्या धक्क्यावरचा, वाटखर्च व नफा जमेस धरून असलाच पाहिजे, असें आम्हांस वाटतें. म्हणजे नोंद वऱ्हाडची असली तरी तिच्यांतला रुपया मुंबईचा आहे.

पण या नोंदीचें खरें दुखणें 'प्रथम' या शब्दांत आहे. मुंबईस मोठी खेप प्रथम गेली, एवढाच त्याचा अर्थ. पुढच्या लेखकांनीं त्याचा अर्थ असा केला कीं, वऱ्हाडचा कापूस परमुलखीं जाण्यास तेव्हांपासून आरंभ झाला. हें चुकीचें आहे. वऱ्हाड-नागपूरचा कापूस त्यापूर्वींपासून बंजाऱ्यांच्या तांड्यांवर लादून ईशान्येस मिर्झापूरच्या पेठेस जात होता, आणि तेथून गंगेच्या वाटेनें पूर्वेकडील विणकरांच्या हातीं पडत होता. खामगांवची पेठही अशीच जुन्या पायावर उभी आहे. १८२० च्या सुमारास तेथें कांहीं व्यापाऱ्यांनीं दुकानें घातलीं तीं तूप, सूत व थोडा कापूस यांसाठीं. कापूस या यादींत शेवटीं येतो व सूत त्याच्या आधीं, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. ज्या पेठेंत पहिल्यानें कांतलेलें सूत विकावयास येई तीच पन्नास वर्षांत कच्च्या रुईची वऱ्हाडांतील सर्वांत मोठी पेठ झाली. इंग्रजी व्यापारानें येथें नवा व्यापार निर्माण केला नाहीं. चालत्या व्यापाराची दिशा ईशान्येकडून पश्चिमेस फिरविली, आणि मालाचें रूप सुतावरून रुईवर आणलें. 'वाढ' हा शब्द वापरण्यापूर्वीं हा फरक मनांत आणला पाहिजे.

१८५३ च्या तहाविषयींही साधनांचें वाचन असेंच सैल झालें आहे. तहाच्या मजकुरांत कापसाचें नांव नाहीं. तेथें निजामाकडे थकलेला कंटिंजंट फौजेचा पगार आहे व त्याच्या तारणादाखल वऱ्हाड लावून दिलेलें आहे. उलट लॉर्ड डलहौसी यांनीं १८५६ सालीं जातांना आपल्या कारभाराचा जो आढावा लिहून ठेविला त्यांत हिंदुस्थानांतील उत्तम कापसाचा टापू हातीं आल्याबद्दलचें समाधान उघड आहे. आतां एक पक्ष तह दाखवून म्हणतो कीं, हा केवळ देण्याघेण्याचा व्यवहार होता. दुसरा आढावा दाखवून म्हणतो कीं, कापसासाठींच वऱ्हाड बळकाविलें. आमच्या मतें कागदाची जात पाहावी. तह हा दोन पक्षांनीं एकमेकांस दाखवावयाचा कागद आहे आणि आढावा हा आपल्याच धन्यांस दाखवावयाचा. कापसाचा उल्लेख कोणत्या कागदांत सांपडावा व कोणत्यांत सांपडूं नये, हें यावरूनच ठरतें. १८६० च्या तहानें धाराशिव व रायचूर दुआब परत गेले, वऱ्हाड मात्र राहिलें, ही घटना दोन्ही कागदांपेक्षां अधिक बोलकी आहे. पुढें १९०२ सालीं तेंच वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या कायमच्या मक्त्यानें घेतलें गेलें.

आतां मुख्य साधनाकडे येतों. कापूसखात्याचे कमिशनर हॅरी रिव्हेट-कार्नॅक हे आमच्या वाचकांस निराळ्या नात्यानें परिचित असतील. नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांचें उत्खनन करून १८७९ सालीं त्यावर लिहिणारे, खडकांवरील वाटीसारख्या खळ्यांचीं चित्रें जमविणारे, नाण्यांचे शोकी रिव्हेट-कार्नॅक ते हेच. पुराणवस्तूंच्या बाबतींत त्यांची नजर तीक्ष्ण होती. त्यांच्या कापसाच्या अहवालांतही ती दिसते. गाड्यांचा तळ, रुईंतील सरकी व कचरा, दलालांचीं सोंगें यांचें वर्णन ते डोळ्यांनीं पाहून करतात. पण अहवाल हा शिलावर्तुळाचा नकाशा नव्हे. तो वरिष्ठांकडून पैसा व परवानगी मिळविण्याकरितां लिहिलेला कागद आहे.

या अहवालांतील एक उतारा आज फार प्रसिद्ध झाला आहे व त्या काळाविषयींच्या ग्रंथांत तो वारंवार भेटतो. त्याचा भावार्थ असा : ज्या टापूंत अजून आगगाडीचा फांटा गेला नाहीं तेथें तो नेल्यास विलायती कापड देशी कापडाहून स्वस्त विकतां येईल. त्या योगें आज जी रुई गांवांतच सुतांत खपते ती बाहेर जाईल. कांतणारे व विणणारे लोक शेतीच्या मजुरीस मोकळे होतील. मग रानें फोडून लागवड वाढवितां येईल. इतक्या उघड शब्दांत एखाद्या अंमलदारानें आपला हेतू क्वचितच लिहिला असेल, व त्यामुळें हा उतारा डोळ्यांत भरावा हें योग्यच आहे. परंतु त्याची क्रियापदें पाहावीं. सर्व क्रियापदें भविष्याचीं व शक्यतेचीं आहेत. अहवाल सांगतो तें घडलेलें नाहीं, घडावें असें वाटतें. इतिहासलेखक मात्र तो उतारा अशा जागीं ठेवतात कीं वाचणाऱ्यास तो घटनेचा दाखला वाटावा. इच्छा आणि वृत्त यांतला भेद पुसला म्हणजे साम्राज्याच्या अंमलदारास न लाभलेलें यशही त्याच्या पदरीं पडतें.

हा उतारा कलमवार तपासला तर काय दिसतें? आगगाडी आली हें खरें. मुंबईहून निघालेला मार्ग १८६७ सालीं नागपुरास पोंचला. जलंबपासून खामगांवपर्यंतचा आठ मैलांचा फांटा १८७० सालीं सुरू झाला, व त्या समारंभास गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः आले. आठ मैलांच्या फांट्यास बादशहाचा प्रतिनिधि येतो यावरून त्या वेळच्या अपेक्षा समजाव्या. मुंबई-सुवेझ समुद्री तारही त्याच वर्षीं जोडली गेली, आणि लिव्हरपूलचा भाव खामगांवच्या दलालास त्वरित कळूं लागला. विलायती कापड आलें हेंही खरें. हातकताई मोडली याविषयीं दुमत नाहीं. विणकर मात्र उताऱ्यांत म्हटल्याप्रमाणें सगळे कुदळी घेऊन रानांत गेले नाहींत. मध्यप्रांताच्या हातमागांविषयीं पीटर हार्नेटी यांनीं केलेल्या अभ्यासावरून दिसतें कीं, माग पुष्कळ ठिकाणीं टिकले, पण त्यांवर चढणारें सूत गिरणीचें झालें. हा फरक घरांतल्या घरांत फार मोठा होता. सूत कांतणें बायकांचें काम होतें. विणकराचा माग राहिला आणि कुणब्याच्या घरांतील रहाट गेला. कापूसखात्यास हवा असलेला 'मोकळा मजूर' प्रत्यक्षांत बव्हंशीं बाई होती, हें अहवालावरून कळत नाहीं.

आणि रुई? अहवालाची सारी इमारत ज्या कलमावर उभी तें हेंच. अमेरिकेंतील यादवीच्या वेळीं, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरास वऱ्हाडची रुई घेणें भाग होतें, व तीं वर्षें 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' या म्हणीस शोभतील अशीं गेलीं. यादवी संपली, १८६५ च्या जुलैंत मुंबईच्या सट्ट्याचा फुगा फुटला, आणि अमेरिकेची रुई पुन्हां वाहूं लागली. लँकेशायरचे चाते बारीक सुताचे, त्यांस लांब धाग्याची रुई लागे. वऱ्हाडची रुई आंखूड धाग्याची. रुईंतील लबाडीस आळा घालण्याचा मुंबई सरकारचा १८६३ चा कायदा झाला, परदेशी बीं आणून पाहिलें, पण धागा कांहीं लांबला नाहीं. इतक्यांत १८६९ च्या नोव्हेंबरांत सुवेझचा कालवा खुला झाला. त्यापूर्वीं युरोप खंडास हिंदी रुई बहुधा लिव्हरपुलावरून मिळे. आतां ट्रिएस्ट, जेनोआ, मार्सेय या बंदरांस ती मुंबईहून थेट जाऊं लागली. जर्मनी, ऑस्ट्रिया, इटली, बेल्जम यांच्या गिरण्या जाडें सूत काढीत, त्यांस ही रुई चाले. जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल नागपुरास १८७७ च्या १ जानेवारीस चालू झाली, आणि मुंबईच्या गिरण्या जाडें सूत चीनला धाडूं लागल्या. त्यांसही हीच रुई हवी होती. १८९३ सालीं जपानच्या निप्पोन यूसेन कैशा या जहाज-कंपनीनें मुंबई ते कोबे अशी वाहतूक सुरू केली, त्या उद्योगांत टाटांचा हात होता. पहिल्या महायुद्धापूर्वीं हिंदी रुईचा सर्वांत मोठा गिऱ्हाईक जपान होता आणि इंग्लंडचा वांटा अगदीं थोडा उरला होता. मेयो यांनीं उघडलेला फांटा भरून वाहिला, पण ज्यांच्यासाठीं उघडला त्यांच्याकडे त्यांतला फार थोडा माल गेला.

याचा पुरावा कागदाबाहेरही आहे, आणि तो आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. वऱ्हाडांत पूर्वीं बनी जातीची कपाशी नांवाजलेली होती. तिचा धागा मऊ व त्या मानानें लांब, पण उतारा कमी. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या पंचविशींत बनी मागें पडली आणि जाडी, रांठ, पण सरकी काढल्यावर अधिक रुई देणारी जरी कपाशी शेतांत भरली. सरकारी लेखक याचा दोष शेतकऱ्याच्या आळसास व बियाण्याच्या भेसळीस देतात. आम्हांस हा निकाल मान्य नाहीं. ज्या पेठेंत लांब धाग्यास अधिक पैसा मिळत नाहीं व वजनास मिळतो, त्या पेठेस माल देणारा कुणबी दुसरें काय पेरील? गिऱ्हाईक मँचेस्टर राहिलें असतें तर बनी राहिली असती. गिऱ्हाईक हँबुर्ग व ओसाका झालें, म्हणून जरी आली. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभीं शेतकीखात्यानेंच रोझियम ही जात पसरविली, तीही रुईच्या उताऱ्यासाठीं. म्हणजे धागा सुधारण्याचा चाळीस वर्षांचा उपदेश सरकारनें आपल्या हातानें मागें घेतला.

तर मग यास इंग्रजी साम्राज्याचा व्यापार कां म्हणावें, असा प्रश्न सहज येतो. खामगांवच्या पेठेंत विंटरथूरची फोल्कार्ट ब्रदर्स ही स्विस पेढी, राली ही ग्रीक घराण्याची पेढी व मागाहून जपानी पेढ्या अडत्यांमार्फत खरेदी करीत. मग इंग्रजांचें काय राहिलें? या ठिकाणीं एस्. बी. सॉल यांचा १८७० ते १९१४ च्या ब्रिटिश व्यापारावरील ग्रंथ (१९६०) उपयोगी पडतो. त्यांनीं दाखविलें आहे कीं, या काळांत इंग्लंडला युरोप खंड व अमेरिका यांच्याशीं व्यापारांत तूट येई, आणि ती भरून निघण्याचें एक मोठें साधन हिंदुस्थान होतें. हिंदुस्थान जर्मनीस, जपानास कच्चा माल विके व त्यांच्याकडून शिल्लक कमावी. तीच शिल्लक कापडाच्या किंमतींतून व 'होम चार्जेस'च्या नांवानें लंडनला जाई. दादाभाई नौरोजी यांनीं आपल्या १९०१ च्या ग्रंथांत ज्यास द्रव्यशोष म्हटलें त्याचीच ही व्यापारी बाजू आहे. म्हणजे उंद्रीची रुई हँबुर्गास गेली तरी तिचा पैसा फिरून टेम्सच्या कांठीं पोंचे. साम्राज्यास रुई नको होती, रुईची हुंडी हवी होती. व्यापाराचें रूप जें बदललें तें येथें. १८६७ च्या अहवालांत मालाची वाट व पैशाची वाट एकच आहे. १९०० च्या सुमारास त्या दोन वाटा निराळ्या झाल्या होत्या. जुना अहवाल पुढें ठेवून नवा काळ वाचणारास हें दिसणार नाहीं.

या फारकतीचा शेवटचा अंक १९३२ ते १९३४ सालीं झाला. ओटावा येथें १९३२ सालीं साम्राज्यांतील मालास जकातींत सवलत देण्याचें ठरलें. १९३३ सालीं ब्रिटिशेतर कापडावरील जकात शेंकडा ७५ पर्यंत चढविली गेली. जपानी गिरणीवाल्यांनीं उत्तरादाखल हिंदी रुई घेणें बंद केलें. तेव्हां मँचेस्टरच्या रक्षणार्थ उचललेलें हत्यार पहिल्यानें लागलें तें वऱ्हाड-खानदेशच्या कपाशीस. अखेर १९३४ च्या करारांत उघड उघड सांगड घातली गेली : जपाननें १५ लाख गांठी रुई घेतली तर ४० कोटी यार्ड कापड हिंदुस्थानांत आणावें. रुई व कापड यांचा असा वजनकांट्यावरचा सौदा होण्याची पाळी यावी, याहून रिव्हेट-कार्नॅक यांच्या उताऱ्याचें दुसरें परीक्षण नको.

आतां दोन नव्या ग्रंथांविषयीं. सत्य यांच्या ग्रंथाचे उपकार मोठे आहेत. १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांस कापसाच्या शेतीशीं जोडून पाहण्याचें काम त्यांनीं नेटानें केलें, आणि १८९१ ते १९०१ या दशकांत वऱ्हाडची लोकसंख्या वाढण्याऐवजीं घटली ही गोष्ट कोणत्याही 'भरभराटी'च्या गोष्टीस पुरून उरणारी आहे. पण ग्रंथ १९०० ला थांबतो व मुख्यतः इंग्रजी दप्तरावर उभा आहे. त्यामुळें ज्या दप्तरावर तो टीका करतो त्याचीच कालगणना व त्याचाच नकाशा त्यास स्वीकारावा लागतो. बेकर्ट यांची गोष्ट निराळी. त्यांस युरोप खंड ठाऊक आहे, जपान ठाऊक आहे, फोल्कार्टचे कागदही ठाऊक आहेत. त्यांचा पट इतका विस्तीर्ण कीं खामगांव तेथें एका मोठ्या सिद्धान्ताचें उदाहरण होऊन बसतें. खामगांवच्या वर घाट आहे, घाटावर गांवें आहेत, त्या गांवांत ज्वारी-गव्हाच्या मानानें कपाशीचें स्थान सपाटीहून निराळें होतें, हें त्या पटावर मावत नाहीं. सपाटीचा कुणबी व बालाघाटाचा कुणबी यांस एकच 'वऱ्हाडी शेतकरी' करणें ही या दोन्ही ग्रंथांची सामाईक उणीव आम्ही समजतों. सपाटीवर रुईचा भाव पडला तर गाडी दोन दिवस पेठेंत उभी करतां येई. घाट उतरून आलेल्यास परतीची चढण डोळ्यांपुढें असे, आणि दलालास तें ठाऊक असे.

हें शेवटचें विधान आम्ही कोणत्या आधारावर करतों, असें कोणी विचारील. रस्ता, अंतर व चढ यांवरून केलेलें तें अनुमान आहे. तें सिद्ध किंवा असिद्ध करील असा कागद छापील साधनांत मिळणार नाहीं, कारण तीं साधनें रेल्वेच्या स्थानकावर व पेठेच्या कांट्यावर मोजणीस आरंभ करतात. तो कागद असलाच तर सावकार व अडत्ये यांच्या रोजमेळांत, खतावण्यांत, उचल दिल्याच्या चिठ्ठ्यांत व पाटील-कुळकर्ण्यांच्या मोडी रुमालांत असेल. आमचे संग्राहक बंधु सनदा, महजर व शिक्कामोर्तब असलेलीं पत्रें पाहिलीं कीं हात घालतात, आणि १८५३ नंतरची सावकारी वही पाहिली कीं 'इंग्रजीतली' म्हणून बाजूस सारतात. ती वही मग रद्दीच्या वजनानें जाते. फोल्कार्ट पेढीनें खामगांवांत काय घेतलें याचे कागद स्वित्झर्लंडांत विंटरथूर येथें जपून ठेवलेले आहेत. त्याच सौद्याची खामगांवाकडची बाजू ज्या वहींत होती ती वही पुड्या बांधण्यास जावी, ही स्थिति मंडळाच्या सभासदांस तरी शोभणारी नाहीं. आज या टापूंत सोयाबीननें कपाशीची बरीच जागा घेतली आहे. कांटा, बोजा, उचल हे शब्द जाणणारीं घरें उतरत्या संख्येचीं आहेत.

अशी वही हातीं आल्यास तिची गड्डी फोडूं नये, सुटीं पानें 'चांगलीं' म्हणून वेगळीं काढूं नयेत, आणि ती कोणत्या गांवच्या कोणत्या वाड्यांतून आली तें लागलेंच टिपून ठेवावें. खंडी कोणती, मण किती शेरांचा, रुई कीं सरकीसकट कपाशी, हें पहिल्या पांच-दहा नोंदींवरून ठरवून वर लिहावें. एकाच शब्दाखालीं दोन्ही येतात व आंकडा तिपटीनें चुकतो. सालाविषयीं विशेष सावध असावें. मारवाडी वह्यांचें संवत् दिवाळीस बदलतें. निजामी वहिवाटीचें फसली साल मृगाच्या सुमारास बदलतें, व त्यांत ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो. सरकारी वर्ष पूर्वीं १ मेपासून धरीत, १८६७ पासून १ एप्रिलपासून धरूं लागले. यामुळें १८६६-६७ हें सरकारी साल अकराच महिन्यांचें आहे, आणि त्याच्याशीं पुढच्या सालाची तुलना करणारास कांहीं न वाढतां वाढ दिसते. १८६७ च्या दिवाळींत वेंचणीस लागलेला कापूस संवत् १९२४ व फसली १२७७ यांत सबंध सांपडेल. सरकारी अहवालांत मात्र त्याचा एप्रिल-मेंत विकलेला भाग पुढच्या वर्षाच्या रकान्यांत गेलेला असेल. उंद्रीसारख्या घाटमाथ्यावरच्या गांवचा माल पेठेंत किती उशिरां उतरे, हें या दोन रकान्यांच्या फरकावरून काढतां येईल. त्यासाठीं खामगांवच्या एकाच अडत्याची लागोपाठच्या तीन-चार संवतांची खतावणी, गांवांच्या नांवांनिशीं, मिळाली पाहिजे. १९०५ पूर्वींच्या सरकारी बाजूकरितां अकोल्याचें व बुलढाण्याचें अशीं दोन्ही दप्तरें पाहावीं लागतील.